वर्कशॉपमागचा मोर



वर्कशॉपच्या मागे, मोडक्या लेथच्या बाजूला एक मोर पडलाय. पाहिलाय का? एके काळी आठ फूट उंच होता. आता मान मोडलीय, सोनेरी रंग उडालाय, आणि पोटात एका मांजरीने संसार थाटलाय. मागच्या गॅदरिंगला ‘बेस्ट आउट ऑफ वेस्ट’मध्ये दुसरं बक्षीस मिळालं ते याच मोराला. तो आमच्या ग्रुपने केला होता, म्हणजे गुन्हेगारांपैकी एक मीसुद्धा! हा लेख माझा कबुलीजबाब समजा. आणि शेवटी एक मागणी आहे, तीही वाचा.

झालं असं. गॅदरिंगच्या आधी तीन आठवडे आम्ही लेडीज होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एक खोकं ठेवलं आणि वर चिठ्ठी चिकटवली, ‘रिकाम्या बाटल्या आणि कॅन इथे टाका, पर्यावरण वाचवा’. मुलींनी भरभरून टाकल्या. साडेतीनशेच्या वर बाटल्या जमल्या. मेसमधून तेलाचे पत्र्याचे डबे आणले, कॅन्टीनमधून कोल्ड्रिंकची झाकणं. दहा रात्री जागून, ग्लू गनने बोटं भाजून घेऊन मोर उभा केला आणि त्यावर सोनेरी-निळा स्प्रे मारला. फोटो तर इतके निघाले की विचारू नका. प्रमुख पाहुण्यांनी ‘टाकाऊतून टिकाऊ’ या विषयावर पंधरा मिनिटं भाषण केलं आणि आमची पाठ थोपटली.

या सगळ्यात एका माणसाचा विचार आम्ही केलाच नव्हता. होस्टेलचा कचरा न्यायला रोज सकाळी एक मावशी येतात. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला जिन्यात गाठलं. म्हणाल्या, “ताई, बाटल्या लै कमी निघायल्यात. काय सण हाय का तुमचा?” मी मोठ्या उत्साहाने त्यांना मोराबद्दल सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “मंग झाल्यावर मला देताल ना?” मी म्हटलं, हो मावशी, सगळ्या तुमच्याच.

गॅदरिंग संपल्यावर तिसऱ्या दिवशी मावशी पोतं घेऊन आल्या. मोराभोवती एक चक्कर मारली. एका बाटलीवर नखाने खरवडून पाहिलं. गोंद निघेना, रंग निघेना. रिकामं पोतं तसंच काखेत मारलं आणि म्हणाल्या, “न्हाई पोरी. ह्याला आता कोन घेतंय? ह्याचा तुमी कचरा केलाय.”

खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांचं वाक्य कळलंच नाही. आम्ही तर कचऱ्याचा मोर केला होता. मोराचा कचरा कधी झाला?

कळायला वेळ लागला, कारण माझी शाळा कॉन्व्हेंट. आमच्या क्राफ्टच्या तासाला एकच शब्द होता, ‘वेस्ट’. वापरून झालं की सगळं वेस्ट. पण मावशींच्या मराठीत त्यासाठी निदान अर्धा डझन शब्द आहेत आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा. रद्दी म्हणजे कागद, ती किलोवर जाते. भंगार म्हणजे लोखंड, पत्रा, प्लास्टिक, त्यालाही भाव आहे. जुनं भांडं मोडीत निघतं, तेव्हाही काही तरी हातात पडतं. केर आणि कचरा यांना मात्र कुणी पैसे देत नाही. आम्ही खोक्यात जमा केलं ते भंगार होतं. ग्लू गन आणि स्प्रे लावून आम्ही त्याचा कचरा केला. मावशींनी चार शब्दांत आमचं प्रोजेक्ट नापास केलं आणि मार्किंग अगदी बरोबर होतं.

हे डोक्यात घोळत असतानाच आमच्या ग्रुपमधल्या एकीने मला मोबाइलवर एक फोटो दाखवला. शर्मिला सामंत या मुंबईच्या कलावंत, ‘ओपन सर्कल’ या कलावंतांच्या गटाच्या संस्थापकांपैकी एक. १९९९ च्या सुमारास त्यांनी एक साडी केली. सूत नाही, रेशीम नाही. कोका-कोलाच्या बाटल्यांची पत्र्याची झाकणं धातूच्या छोट्या दुव्यांनी एकमेकांत अडकवून केलेली साडी! नाव काय, तर ‘ए हँडमेड सारी’, म्हणजे हाताने केलेली साडी.

नावात गंमत आहे बघा. झाकण काही हाताने होत नाही. ते होतं प्रेसवर, दर मिनिटाला शेकड्याने. या झाकणाचं पेटंट अमेरिकेत विल्यम पेंटर नावाच्या माणसाने १८९२ मध्ये घेतलं. कडेला २१ दाते, हे आज जगभर ठरून गेलेलं. मुंबईत घ्या, नाही तर मेक्सिकोत घ्या, झाकण तेच. मग या साडीत हाताचं काय आहे? फक्त जोडणं. एक झाकण दुसऱ्याला अडकवणं, तिसऱ्याला अडकवणं, तासन् तास. कोका-कोला १९७७ मध्ये भारतातून गेली आणि १९९३ मध्ये परत आली. त्यानंतर पाच-सहा वर्षांत ही साडी आली. बाहेरून काय काय आपल्या अंगावर येतंय, हे या बाईंनी एका शब्दाचंही भाषण न करता सांगितलं. ही साडी नेसून बघा म्हणजे कळेल, किती जड आणि किती टोचरी!

मी ती प्रत्यक्ष पाहिलेली नाही, फोटोच पाहिलाय. पण पैठणपासून पन्नासेक किलोमीटरवर राहणाऱ्या मुलीला साडीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पैठणीचा पदर म्हणजे काय असतं? प्रत्येक रंगाचा धागा आपापल्या जागी हाताने घालायचा आणि शेजारच्या रंगात गुंतवायचा. तिथेही सगळी करामत जोडण्याचीच.

जवळपास त्याच काळात, आपल्यापासून हजारो किलोमीटर दूर, आणखी एक माणूस झाकणंच जोडत बसला होता. एल अनात्सुई. जन्म १९४४, घाना देशातला. घरात वडील आणि भाऊ केंटे नावाचं कापड विणणारे. हे कापड अरुंद पट्ट्यांत विणतात आणि मग पट्ट्या शिवून मोठं करतात. हा स्वतः विणायला शिकला नाही, शिल्पकला शिकला. १९७५ पासून नायजेरियातल्या एन्सुका गावच्या विद्यापीठात शिकवू लागला, पार निवृत्त होईपर्यंत. १९९८ च्या सुमारास त्याला गावाबाहेर झुडपांत टाकून दिलेली एक पिशवी सापडली. आत दारूच्या बाटल्यांची अॅल्युमिनियमची झाकणं. ती काही महिने तशीच पडून होती म्हणे. मग त्याने ती ठोकून सपाट केली, कडा दुमडल्या, भोकं पाडली आणि तांब्याच्या तारेने एकमेकांत ओवायला सुरुवात केली. झालं काय, तर कापड! सोनेरी, लाल, काळं, भिंतभर पसरणारं, घड्या पडणारं कापड.

२००७ मध्ये व्हेनिसच्या बिएनालेच्या वेळी त्याने एका जुन्या महालाची पुढची भिंत या कापडाने झाकली. २०१५ मध्ये त्याच बिएनालेने त्याला जीवनगौरव म्हणून सुवर्णसिंह दिला. २०२३-२४ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नच्या टर्बाइन हॉलमध्ये त्याची कापडं जहाजाच्या शिडासारखी टांगलेली होती. (टर्बाइन हॉल म्हणजे खराखुरा टर्बाइन हॉल, तिथे पूर्वी पॉवर स्टेशन होतं. मेकॅनिकलवाल्यांनी छाती फुगवून घ्यावी.)

आणि झाकण दारूचंच का? तर आफ्रिकेच्या त्या किनाऱ्यावर युरोपचे व्यापारी उतरले तेव्हा देवघेवीच्या मालात दारूही होती. त्याच मालाच्या बदल्यात पुढे माणसं विकत घेतली गेली आणि जहाजांत भरून समुद्रापार नेली गेली. एवढंसं झाकण, पण त्याच्यामागे एवढा मोठा हिशेब. अनात्सुईला आपल्या कामाला ‘रिसायकलिंग’ म्हटलेलं आवडत नाही. झाकणाचं पुन्हा झाकण होत नाही, त्याचं दुसरंच काही तरी होतं, असं त्याचं म्हणणं.

आता आपल्या गावाकडे या. आपल्याकडे हिमरू आहे, पैठणी आहे. वाळूज आणि चिकलठाणा एमआयडीसीत बिअरचे कारखाने आहेत. कापड आपलं, झाकणंही आपलीच! अनात्सुई उस्मानपुऱ्यात जन्मला असता तर त्याला मालाची कमी पडली नसती. (रेक्टर मॅडम, गैरसमज नको. झाकणं होस्टेलमध्ये सापडतात असं मी म्हटलेलं नाही.)

मग त्यांच्या कामात आणि आमच्या मोरात फरक काय? टॅलेंटचा आहे, मान्य. पण तो सोडून द्या. मला जो फरक दिसला तो आपल्याच सिलॅबसमधला आहे, जोडाचा. मशीन डिझाइनमध्ये आपण घोकतो ना, पर्मनंट जॉइंट आणि टेम्पररी जॉइंट. वेल्डिंग, रिव्हेट, गोंद हे कायमचे. नट-बोल्ट, कॉटर, चावी हे सुटणारे. परीक्षेत चार मार्कांचा फरक लिहायचा आणि विसरून जायचं. सामंतबाईंची साडी आणि अनात्सुईचं कापड हे दोन्ही सुटणाऱ्या जोडाचे आहेत. गोंद नाही. रंगाचा थर नाही, झाकणावर कंपनीने छापलेला रंग तोच. दुवा उघडा, तार कापा, की झाकण पुन्हा सुटं. आणि जोड सुटणारा असल्यामुळेच ते कापड वाकतं, त्याला घड्या पडतात, एवढं मोठं काम घडी घालून पेटीत बसतं आणि प्रत्येक ठिकाणी वेगळ्या तऱ्हेने टांगता येतं. आमचा मोर आला तसा कडक उभा राहिला आणि मान मोडून पडला.

हे बरोबर आहे का, ते तपासायला आम्ही दोघी मोराचे चार-पाच तुकडे घेऊन जवळच्या भंगारच्या दुकानात गेलो. काका एक शब्द बोलले नाहीत. खिशातून दोरीला बांधलेलं लोहचुंबक काढलं. कोल्ड्रिंकचं झाकण चिकटलं, डाव्या ढिगात. कॅन चिकटला नाही, म्हणजे अॅल्युमिनियम, उजव्या डब्यात. रंग मारलेली बाटली हातात घेतली, उलटसुलट केली आणि आम्हाला परत दिली. मटेरिअल सायन्सच्या लॅबमध्ये आपण जे एका तासात करतो ते काकांनी एका मिनिटात केलं. आणि बरोबरच होतं. बॉक्साइटपासून नवं अॅल्युमिनियम काढायला जेवढी ऊर्जा लागते तिच्या सुमारे ५ टक्क्यांत जुनं वितळवून पुन्हा वापरता येतं, म्हणून त्याला भाव. आणि बाटलीचं प्लास्टिक वितळवून धागा काढायचा तर त्यात गोंद आणि रंग चालत नाही. एक घाण बाटली सगळा घाणा बिघडवते.

माझा एक मित्र म्हणतो, तू उगाच इमोशनल होतेस. अनात्सुईची झाकणं तरी परत कुठे भंगारात जातात? ती म्युझियममध्ये जातात, करोडोंना विकली जातात. मुद्दा खरा आहे. मी त्यावर दोन दिवस विचार केला. मला वाटतं, मोजायचं ते वेगळं आहे. वस्तू हातात आली तेव्हा तिची किंमत काय होती आणि हातातून गेली तेव्हा काय होती? अनात्सुईकडे झुडपात फेकलेलं झाकण आलं आणि त्याचं कापड झालं. शिवाय त्याच्याकडे एन्सुकातली कितीतरी तरुण मुलं कामाला असतात, ओवायचं काम करतात आणि मजुरी घेतात. आमच्याकडे भाव असलेली बाटली आली आणि बिनभावाची होऊन गेली. भाव वाढला तो फक्त आमच्या सर्टिफिकेटचा. आणि तीन आठवडे ज्यांचं पोतं हलकं झालं, त्यांचं नाव मोरासमोरच्या बोर्डवर कुठेच नव्हतं.

मित्र आणखी एक म्हणतो, “कलेला असले हिशेब लावायचे नसतात.” मग कलेच्या नावावर लावा, पण स्पर्धेचं नाव ‘पर्यावरण’ असेल तर हिशेब लावावाच लागेल ना? आपण इंजिनिअर होणार आहोत. मास बॅलन्स सगळ्यांनाच लागतो. जे आत आलं ते बाहेर कुठे गेलं, हे विचारणं हाच आपला धंदा आहे.

आणि आपल्या शहराने तर हा प्रश्न फार महागात शिकलाय. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. वर्षानुवर्षं सगळ्या शहराचा कचरा आपल्या दारात का, एवढाच त्यांचा सवाल होता. मग शहरभर रस्त्यांवर ढीग लागले, महिनेच्या महिने. मार्चमध्ये मिटमिट्याला गाड्या नेल्या तर तिथे दगडफेक झाली, लाठीमार झाला. आता शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालंय, पण त्या उन्हाळ्याचा वास ज्यांनी घेतला ते अजून नाक मुरडतात. त्या दिवसांत सगळ्यांच्या तोंडी ‘ओला’ आणि ‘सुका’ हे शब्द आले. जे काम मावशी आधीपासून गुपचूप करत होत्या ते म्हणजे हेच, वेगळं करणं. आणि आम्ही काय केलं? त्यांनी वेगळं करावं ते आम्ही ग्लू गनने पुन्हा एकत्र केलं.

पुण्यात १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कचरा वेचणाऱ्या बायकांची संघटना उभी राहिली. तिचं नाव काय ठेवलं माहीत आहे? ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. नावात कचरा हा शब्दच नाही! कागद आहे, काच आहे, पत्रा आहे आणि कष्टकरी आहेत. ‘बेस्ट आउट ऑफ वेस्ट’ म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे नाव एकदा मोठ्याने वाचून पाहावं.

तर आता माझी मागणी. पुढच्या गॅदरिंगला ही स्पर्धा बंद करा असं मी मुळीच म्हणत नाही. व्हायलाच पाहिजे. फक्त नियम बदला.

पहिला नियम, गोंद आणि स्प्रे बंद. तार, दोरा, नट-बोल्ट, खाच, गाठ, काहीही चालेल, पण जोड सुटला पाहिजे. बघा, डिझाइन किती अवघड होतं आणि किती चांगलं होतं ते!

दुसरा नियम, भंगार फुकट घ्यायचं नाही. होस्टेलमधून जमवलं तर त्याचा चालू भाव मावशींना आधी द्यायचा. शे-दोनशे रुपयांचा प्रश्न आहे. आम्ही एवढे तर ग्लू स्टिकवर उडवले.

तिसरा, प्रदर्शन संपल्यावर दोन दिवसांत ज्याने केलं त्यानेच सोडवायचं आणि वेगवेगळं करून परत द्यायचं. मार्कांत हेही धरायचं.

आणि चौथा, बोर्डवर ग्रुपच्या नावाखाली एक ओळ, माल कुणी गोळा केला. नाव छापायचं की नाही ते त्यांना विचारून.

हे सगळं मी आत्ता हुशारीने सांगतेय, पण अक्कल कशी आली तेही सांगून टाकते. मागच्या रविवारी आम्ही चौघी पक्कड आणि कटर घेऊन मोर सोडवायला बसलो. मावशींनाही बोलावलं होतं. मान, पोट, पाय यांतलं जवळजवळ काहीच धड निघालं नाही, सगळ्या बाटल्या फाटल्या. पण पिसाऱ्याच्या शेवटच्या दोन रांगा मात्र पटापट सुटल्या. का? तर गॅदरिंगच्या आदल्या रात्री आमच्या ग्लू स्टिक संपल्या होत्या, स्प्रेही संपला होता. दुकानं बंद. म्हणून त्या दोन रांगा आम्ही नाइलाजाने बाइंडिंग वायरने बांधल्या होत्या आणि न रंगवताच लावल्या होत्या. स्टेजवर त्या मागच्या बाजूला लपवल्या होत्या, कारण त्या ‘बऱ्या दिसत नव्हत्या’.

मावशींनी त्या बाटल्या एकेक करून पोत्यात टाकल्या. साठेक भरल्या असतील. तारसुद्धा गुंडाळून घेतली. म्हणाल्या, “एवढंच बराबर केलं व्हतं तुमी.”

बाकीचा मोर अजून तिथेच आहे. तोही हलवायचाय. पण पोटात पिल्लं आहेत, ती जरा मोठी होऊ द्या. मग एका रविवारी सकाळी या, पक्कड आपापली आणा.